बर्फ वजा

नेव्ही नगर, रात्रीचे अडीच.
दूरच्या दीर्घिकेतला एक गोळा तोलते आहे,
ज्यात तारे जन्मतात. जन्मत होते.
पडद्यावर जेमतेम चार चौकोन.
वस्तुमान आलं : शंभर कोटी सूर्य.

काल पहाटे ससून डॉकवर चांगुणा तांडेल
लिलाववाल्यावर ओरडली होती,
"बरफ काढ आधी, मंग तोल."

तबकडीचा मागचा उजेड काढला.
निम्मं वजन गेलं त्याबरोबर.

खिडकीबाहेर, काळ्या पाण्यावर
एकच ढोबळ दिवा.
पहारेकऱ्याची दुर्बीण मागून आणली :
सात ट्रॉलर, मध्ये अंधार,
एकावर कुणीतरी चहा ढवळत असावं.

मग तिकडे किती?

आकडा खोडत नाही.
त्याच्या डावीकडे, पेन्सिलीनं,
लिहिते : जास्तीत जास्त.