काढता येणारं छप्पर

विल्फचे हात थरथरायला लागले तेव्हा
गाव अर्धंच झालं होतं.
चर्च उभं, पण मनोऱ्याला टोक नाही,
बेकरीला भिंती तीन,
आणि चौकातलं कारंजं म्हणजे अजून नुसतं
खोकल्याच्या औषधाचं झाकण.

सुरी तू धर, तो म्हणाला.
मी हडर्सफील्डच्या गिरणीत एकतीस वर्षं
कापडातले दोष शोधले.
घर कधी बांधलं नव्हतं.

शिकले.
गुलाबी फोमवर चुरगळलेल्या चंदेरी कागदाचा बोळा
दाबून फिरवला की दगड उठतो.
कॉफी ढवळायच्या काड्यांच्या झडपा होतात
(स्टेशनवरच्या कॅफेतून मूठभर उचलल्या,
काउंटरवरच्या पोरीनं पाहिलं, बोलली नाही).
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची कौलं,
एकेक करंगळीच्या नखाहून लहान,
खालून वर, ओळीवर ओळ,
सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
एका छपराला सहाशे बारा.
मोजायची नसतात, विल्फ म्हणाला.

चहाचा चोथा ओव्हनमध्ये वाळवून
भिंतींच्या कडेनं भुरभुरला.
तो म्हणाला, लढाई जूनमधली आहे,
नॉर्मंडीत जूनमध्ये पाचोळा कुठला?
म्हटलं, मागच्या वर्षीचा आहे.
कोण झाडणार होतं?

मग म्हणाला, आता पाड.

पडकं घर थेट पडकंच बांधलं तर खोटं दिसतं.
आधी ते पुरतं बांधायचं,
राहता येईल इतकं,
मग पक्कड घेऊन कोपरा तोडायचा.
ढिगाऱ्याला मांजराच्या पेटीतले खडे,
त्यावर पातळ केलेला गोंद, काळी शाई,
आणि कोरड्या ब्रशनं अगदी वरवर राखाडी.
अशी सात घरं पाडली मी एका आठवड्यात,
मधेच उठून बटाटे उकडायला टाकत.

आठवं नाही पाडलं.
निळ्या झडपांचं, कोपऱ्यावरचं.
राहू दे, तो म्हणाला, पण छप्पर सुटं ठेव,
शिपायांना आत जावं लागतं.

आत जावं लागतं.

तो झोपल्यावर दोन रात्री
भिंगाखाली बसले.
काडेपेटीचं टेबल,
तुटलेल्या माळेतले दोन मणी अर्धे कापून कप,
बार्लीचा एक दाणा म्हणजे पाव.
एक खुर्ची जराशी मागे सरकवलेली,
कुणीतरी दार बघायला उठल्यासारखी.

गुरुवारी मेथडिस्ट हॉलमध्ये
ट्रेव्हरनं टेपनं रस्ता मोजला.
विल्फ हात मांड्यांखाली दाबून बसला.
कीरन पार्सलची व्हॅन चालवतो,
सहा फूट दोन इंच, नखांत कायम ग्रीस.
त्यानं दोन बोटांनी छप्पर उचललं,
उकडलेल्या अंड्याचा माथा उचलावा तसं,
आणि तसंच धरून राहिला.

तुझी चाल, ट्रेव्हर म्हणाला.
कीरन वाकला. आणखी वाकला.
विल्फही उठून आला मग,
आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

मिसेस शॅकलटन, कीरन म्हणाला,
हे टेबल हलतं का?
मशीनगन खिडकीशी लावायची होती.

नाही, म्हटलं. चिकटवलंय.

(एका थेंबावर. नखानं निघालं असतं.)

त्यानं थोडा वेळ विचार केला,
आणि आपला माणूस दारात ठेवला,
अर्धा आत, अर्धा रस्त्यावर,
जिथून तो चर्चमधून सरळ दिसतो.
ट्रेव्हरनं फासे टाकले. पाच, सहा.
कीरननं आपला माणूस आडवा केला, उचलला,
खोक्यात ठेवला,
आणि छप्पर परत बसवताना
धुराड्याची बाजू बरोबर आहे ना
ते दोनदा पाहिलं.