तिसाव्या किलोमीटरपर्यंत

माझ्या छातीवर कधी नाव नव्हतं.
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर नुसतं ‘पेसर’.
करारात लिहिलेलं: तीस किलोमीटर, ठरल्या वेगानं,
मग डावीकडे व्हायचं, वाट मोकळी करायची.
पुढचे बारा माझे नव्हते.
अकरा वर्षं धावलो,
एकही शर्यत पुरी केली नाही.

तुम्हाला वाटेल, पुढे असणं मजेचं.
पुढे वारा असतो.
उत्तरेच्या त्या बंदरात, एप्रिलात,
ओल्या घोंगडीसारखा तो तोंडावर यायचा
आणि माझ्या पाठीशी, हातभर अंतरावर,
एल्काना धावायचा, माझ्या आडोशानं.
मी वळून पाहायचो नाही.
त्याचा श्वास ऐकायचो.
दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर.
लय बिघडली की समजायचं, कुशीत कळ आहे;
जरा सैल सोडायचं.
बोलायचं नाही.

मग निळी कमान.
मी डावीकडे व्हायचो
आणि सगळा वारा एकदम त्याचा व्हायचा.
कोणीतरी मला चादर पांघरायचं, कागदी पेल्यात सूप द्यायचं,
बसच्या धुरकट काचेतून
त्याची पाठ दिसायची, लहान लहान होत.
सहा वर्षं ओळखतो मी त्याला धावताना,
पण पाठ तेवढीच पाहिली, तीही बसमधून.

घरी, केइयोच्या कड्यावर,
पत्र्याच्या देवळात पाळक चेप्तुमो
दर तिसऱ्या रविवारी शर्यतीवर बोलतात.
आमच्याकडे दुसरं कशावर बोलणार?
अर्ध्या बाकांवर धावणारे,
उरलेल्या अर्ध्यांवर त्यांचे आईबाप.
मुकुट शेवट गाठणाऱ्याचा, ते म्हणतात,
आणि मी बुटांवरची लाल माती खरवडत बसतो.

एकदा चहाच्या किटलीपाशी त्यांना गाठलं.
मधेच बाजूला होणाऱ्याचं काय, पाळक?
त्यांनी साखर ढवळली. म्हणाले, बघतो.
अजून बघताहेत.
एल्कानाची आई तापसुबेई मात्र
माझा कप भरता भरता म्हणाली,
“जाबेझ, माझ्या पोराचं अर्धं सोनं
तुझ्या फासळ्यांत आहे.
पण मागू नकोस, मी देणार नाही.”
त्या दिवशी पहिल्यांदा देवळाच्या आवारात मोठ्यानं हसलो.

मग गुडघा गेला.
करार थांबले, फोन थांबले.
मी दोन वर्षं बुसा प्यायलो, डबे भरभरून,
आणि देवळावरून जाणारी वाट सोडून
गुरांच्या पायवाटेनं घरी येत राहिलो.
चेरोनो दार उघडायची. काही बोलायची नाही.
तिचं न बोलणं वेगळं होतं.

एका पहाटे कोण जाणे का,
जुने बूट घातले.
मुरमाच्या रस्त्यावर अजून काळोख होता,
दरीतून वर चढणारा गार वारा
निलगिरीची झाडं अक्षरशः वाकवत होता.
मी धावलो. धावणं कसलं ते, ढकलणं स्वतःला.
एक पाऊल आत, एक बाहेर,
कुशीत कळ, तोंडात जुनी आंबट चव.

आणि वारा लागेना.

झाडं वाकत होती, माझा सदरा हलत नव्हता.
यातलं मला फार काही समजत नाही,
पण आडोसा समजतो.
आडोसा देण्यातच माझी उमेद गेली.
पुढे कोणीतरी होतं.
माझा श्वास अडखळला
तेव्हा पुढचा वेग किंचित सैल झाला.
बोललं कोणी नाही.

किती धावलो, मोजलं नाही.
शाळा गेली, पाण्याची टाकी गेली,
जिथं मी नेहमी परत फिरायचो
तो वाकडा बाभूळही मागे पडला.
मी डोळे डावीकडे लावून होतो,
आता होईल बाजूला, आता होईल,
तिथवरचाच करार असतो, मला ठाऊक आहे.
तो झाला नाही.

त्याच्या छातीवर काय लिहिलंय
ते मागून दिसत नाही.
उजाडलं तशी पाठ दिसली.
पाठीवर वळ होते.

पुढे चढ होता.