काही होत नाही

त्रिएस्तेत, बंदराजवळच्या आमच्या कचेरीत,
चौथ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागे
एक खोली आहे. तिची किल्ली माझ्याकडे असते.
दुसरी एत्तोरेकडे,
कारण एत्तोरेने मागितली, आणि नाही म्हणायला
मला नेहमीच थोडा उशीर होतो.

आत अकरा यंत्रं.
कुठल्या गोदामात किती पोती कॉफी,
कोणाचं देणं थकलंय, कोणतं जहाज कुठे अडलंय,
सगळं त्यांना पाठ. रात्रंदिवस पुटपुटत असतात.

एत्तोरे प्रोदानने एकदा, सहा वर्षांपूर्वी,
साहेबांच्या बायकोची इस्त्री दुरुस्त केली होती.
तेव्हापासून वीज म्हणजे त्याची सख्खी मावसबहीण.

जानेवारीत फुल्विया विजेचं बिल फडकावत आली.
त्या आठवड्यात बोरा सुटला होता.
बोरा म्हणजे आमचा वारा: डोंगरावरून धावत येतो,
माणसांच्या टोप्या घेतो आणि थेट समुद्रात उडी मारतो.
एत्तोरे म्हणाला, "बाहेर फुकटची थंडी वाहून चाललीय,
आणि आपण आत थंडी विकत घेतोय?"
सगळे हसले. साहेबांनी मान डोलावली.
मला वाटलं, बोलतोय तर बरोबर.
(हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.)

शुक्रवारी संध्याकाळी त्याने एसी बंद केला,
डोंगराकडची खिडकी उघडली,
फटीत नमुन्याच्या कॉफीचा डबा अडकवला,
हात झटकले.
"काही होत नाही, नेविया. तू जा घरी."

मी गेले.

पहाटे अडीचला फोन आला.
पोचले तेव्हा डबा रस्त्यावर होता,
खिडकीचं एक तावदान कुठेच नव्हतं,
गारा-पाऊस सरळ आत, आडवा,
आणि सर्वांत वरच्या यंत्रावर, उबेला,
एक समुद्रपक्षी बसला होता.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की जणू रात्रपाळी त्याची होती
आणि उशीर मला झाला होता.

अकरांतली सात गप्प.
शांतता इतकी मोठी असते हे मला माहीत नव्हतं.

सकाळी साहेबांनी एकच विचारलं: "बॅकअप आहे ना?"
एत्तोरे चटकन माझ्याकडे वळला.
आहे, मी म्हणाले. होताच.
दर रात्री न चुकता घेतलेला,
त्याच खोलीत,
खिडकीखालच्या फळीवर ठेवलेला.
तिथे का?
फळी रिकामी होती म्हणून.
काही होत नाही म्हणून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते एत्तोरेचं.
माझ्यासाठी म्हण शोधते आहे अजून.

गोदामातल्या ओंदीनाबाई, निवृत्तीला चार महिने उरलेल्या,
खालून एक वही घेऊन आल्या.
पोत्यांची नोंद, पेन्सिलीने, रोजची.
कोणी सांगितलं नव्हतं. "सवय," म्हणाल्या.
मधली तीन पानं कॉफी सांडून तपकिरी झालेली;
ती तीन आठवड्यांची पोती आजही
कोणालाच माहीत नाहीत कुठे आहेत.

खिडकीला आता चार स्क्रू आहेत. पिळले मीच.
एत्तोरे जेवणाच्या सुट्टीत सांगतो,
वारा जरा दक्षिणेकडून असता ना,
तर योजना झकास चालली असती.
लोक ऐकतात. गोष्ट तो छान सांगतो,
पक्ष्याचा आवाजसुद्धा काढतो.

परवा पंखा साफ करताना
जाळीत एक पांढरं पीस सापडलं.
टाकून दिलं नाही.
त्याची किल्ली मागून घ्यायची
अजून राहिलीच आहे.