प्रश्नचिन्हाच्या जागी

नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं गेली माझी.
नाशिकरोड, तपासणी विभाग.
आठशे एक्क्याऐंशीनंतर आठशे ब्याऐंशी,
मग त्र्याऐंशी. दुसरं काही येता कामा नये.
शाई फुटलेली दिसली की ती नोट काढायची,
तिच्या जागी
आकड्यांआधी तारा छापलेली सरकवायची.
गड्डी पुन्हा शंभराची.
क्रम तुटलेला, पण तो कोण बघतो?
मी बघायचो.

आता जेल रोडला, गच्चीवर, पत्र्याखाली
स्कॉलरशिपची पोरं बसतात.
देवळालीला तोफांचा सराव चालला
की पत्रा हलतो, पोरं हसतात,
आणि दोंद्यांची प्रांजली
दोन धडाक्यांमधलं अंतर मोजते.

मालिका पूर्ण करा:
दोन, चार, आठ, प्रश्नचिन्ह.
सगळ्यांनी सोळा लिहिलं. हिनं चौदा.
मी लाल पेनानं फुली मारली, तिच्यासमोरच.
ती काही बोलली नाही.
वह्या गोळा करून दिल्या तिनंच,
मग कठड्याशी जाऊन उभी राहिली.
"आता एकोणीसला येईल, सर."
एकविसाला आली.
"तोफ चुकली," म्हणाली.

रात्री भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.
दोनात दोन, चार.
चारात चार, आठ.
आठात सहा...
अरे, चौदाच की!
दोनच्या पाढ्यानं पायऱ्या चढली होती पोरगी
आणि मी पुस्तकामागच्या सोळावर
बोट ठेवून बसलेलो.
आठाच्या पुढं वाट फुटते,
हे एकतीस वर्षांत मला कळायचं कारणच नव्हतं.
आमच्याकडे आठानंतर नऊ.

सोमवारी तिला सांगायचं ठरवलं.
सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.
बुधवारी सुयोग म्हणाला,
सातपूरची कंपनी बंद पडली त्यांची,
चाकणला गेले, सामानासकट.
पत्ता? त्याला ठाऊक नाही.

हजेरीत सहानंतर आता आठ.
पोरं सरकून बसली, सतरंजी भरली.

तिची वही माझ्याकडेच आहे.
शाईची फुली पुसली जात नाही,
खोडरबर लावला तर कागद फाटतो,
हे मी नाही तर कोण जाणणार.
तेच लाल पेन घेतलं,
फुलीच्या दोन रेघांवरून
तिसरी ओढली, आडवी.
सहा टोकं झाली.
जरा वाकडीच.

देवळालीकडून धप्प झालं.
मी मोजायला लागलो.