अर्थिंग

लग्रांज स्ट्रीटवर, टायरच्या दुकानाला लागून
आमचं दुरुस्तीचं काउंटर. टोलीडो, ओहायो.
मागच्या भिंतीवर खिळ्यांना वायरी,
लांबीप्रमाणे नाही, स्वभावाप्रमाणे.
लाल-पांढऱ्या आरसीए, बोट लागलं तरी खरखरणाऱ्या.
पाव इंची जॅक, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊन
गिटारीत शिरलेले.
एचडीएमआय, जिला चित्र दाखवण्याआधी
समोरच्याची कागदपत्रं बघायची असतात.
आणि तीन पिनांची एक्सएलआर, माझी लाडकी.
एकच आवाज दोन तारांवरून नेते, एकीवर सुलट, एकीवर उलट.
वाटेत दोघींना सारखीच धूळ लागते.
मुक्कामी उलटीला सुलट करून दोघी मिळवल्या
की धुळीतून धूळ वजा.
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
त्याला पाचच्या आत वायर हवी असते.

फेब्रुवारीत यूजीन पावलाक आला,
बुटांचं मीठ पायपुसण्यावर झाडत.
खोक्यात ॲडॅप्टरांचा गुंता आणि एक कॅसेट.
एक्याऐंशी साली पोलंडहून आंटनं पाठवलेली.
वडिलांची बहीण की आईची? मी विचारलं.
तो बघतच राहिला. वडिलांची.
पावतीवर मी मराठीत ‘आत्या’ लिहिलं.
पोलिश त्याला येत नाही,
शिव्या आणि ख्रिसमसचं जेवण सोडून.
‘घरी लावली की घुं होतं. तेवढं काढ.’

घुं माझ्याकडेही झालं.
डेक एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या.
मिरजेत आम्ही अर्थ म्हणायचो, इथे ग्राउंड म्हणतात;
नियम तोच. अर्थ एकाच ठिकाणी लागला पाहिजे.
दोन ठिकाणी लागला
की मधल्या मध्ये काहीतरी फिरत राहतं
आणि ते ऐकू येतं.

दोन्ही प्लग एका पट्टीवर आणले.
घुं थांबलं.
नाही, खाली उतरलं.
दोन होते, हे एक गेल्यावर कळलं.
वरचा इथला, सेकंदाला साठ.
खालचा पन्नासचा, टेपमध्येच मुरलेला.

मामा तंबोऱ्याचे भोपळे कोरायचा.
म्हणायचा, गल्लीतला ट्रान्सफॉर्मरसुद्धा सुरात असतो,
त्याचाच सा धर.
मी धरला होता.
म्हणून या देशात पहिल्या रात्री
मोटेलच्या फ्रिजनं कोमल गंधार लावला
तेव्हा मी उठून प्लग तपासला.
साठाला पन्नासानं भागा, सहाला पाच.
तंतोतंत कोमल गंधार.
तेव्हापासून अकरा वर्षं घरातल्या प्रत्येक यंत्राला
मी मनातल्या मनात खाली ओढत होते.

आणि इथे, कुणाच्या तरी आत्याच्या मागे,
चमचा, खुर्ची सरकल्याचा आवाज,
त्याखाली माझा सा.
जन्मात न पाहिलेल्या स्वयंपाकघरातला.

काम होतं, ते केलं. पन्नासावर बारीक खाच मारली.
आत्या एकदम टेबलावरून उठून
उघड्या मैदानात उभी राहिल्यासारखी बोलू लागली.
त्याला दोन्ही प्रती ऐकवल्या.
हेडफोन एका कानाला धरून त्यानं स्वच्छवाली निवडली.
‘आता बरंय.’
बरोबरच आहे, आत्या त्याची.
खोकं तिथंच ठेवलं, म्हणाला टाकून दे.
तळाशी दोन गोल पिनांचा एक प्लग होता,
या गावातल्या कुठल्याच भिंतीत न बसणारा.
टाकला नाही. खिळा मात्र अजून ठरलेला नाही.

दुसरी प्रत माझ्या संगणकात आहे, ‘अपूर्ण कामं’मध्ये.
शनिवारी शटर ओढल्यावर लावते.
काय बोलते ते कळत नाही. एकदा हसते,
मग बहुतेक किटली उतरवते.
मी हळूच पंचम लावून बघते.
टायरवाल्याचा कॉम्प्रेसर बंद असला
तर लागतो.