झाडूचं टोक

आठ बसगाड्या भरून गाव पॅरिसला गेलं.
पाव भाजणारा गेला, पाद्री गेला,
नव्वदीची मादाम सेझेरीनसुद्धा गेली
गुडघ्यांवर लाल-काळी शाल घेऊन.
मी राहिले.
फायनल असो की प्रलय,
सहाशे बदकांना संध्याकाळी मका लागतोच.

रेडिओ खिळ्याला अडकवला,
बादली पालथी घालून बसले.
निवेदक आमच्या गावाचं नाव चुकवत होता,
पहिल्या ट्रायनंतर नीट घ्यायला लागला.

गिलेम बाकावर.
राखीव हुकर, पाठीवर सोळा,
वय चौतीस, डाव्या कानाचा कधीच फ्लॉवर झालेला.
अकरा हंगाम तो दुसऱ्या कुणाचं तरी
गुडघं दुखायची वाट बघतोय,
आणि दुखलं की त्यालाच वाईट वाटतं.

लाइनआउटचा चेंडू सरळ जावा लागतो,
दोन रांगांच्या मधून, भांगासारखा.
बाकी पुष्कळ खपतं त्या खेळात,
चिखल, रक्त, एकमेकांच्या आयांबद्दल बोललेलं.
वाकडं तेवढं खपत नाही.
म्हणून आमच्या कोठारात,
बाबा होते तेव्हा, नि बाबा गेल्यावरही,
दिवेलागणीला मी शिडीवर चढून
झाडू उंच धरायचे
आणि तो पंधरा पावलांवरून
दोन्ही हातांनी, डोक्यामागून,
झाडूच्या टोकावर चेंडू मारायचा.
खुणेचे शब्द भाज्यांचे:
लसूण म्हणजे जवळ, गाजर म्हणजे मध्ये,
भोपळा म्हणजे पार शेवटी, सगळ्यात लांब.
मी ओरडायचे, तो फेकायचा.
शंभर झाल्याशिवाय सूप नाही.

साठ-सत्तरनंतर माझा हात भरून यायचा,
झाडू जरासा कलायचा.
माझ्या डावीकडे, म्हणजे त्याच्या उजवीकडे.
मला कळायचं.
त्याला कळायचं की नाही, कोण जाणे.
तो टोकावरच मारायचा, टोक असेल तिथे.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला त्याचं नाव आलं.
बदकांनी माना वर केल्या असं सांगितलं असतं,
पण नाही, ती खात होती.
सोळा-एकोणीस. आम्ही मागे.
मग त्यांच्या रेषेपासून पाच मीटरवर
लाइनआउट, आमचा.
ऐंशी हजार माणसं गप्प झाली
की रेडिओत कढईतल्या तेलासारखं तडतडतं.
त्या तडतडीतून, शपथेवर सांगते,
आमच्यातलंच कुणीतरी ओरडलं:
भोपळा.

मी बसल्या जागी हात वर केला.
रिकामा.

शिट्टी.
"सरळ नाही," निवेदक म्हणाला,
आणि गावाचं नाव पुन्हा चुकला.
कुठल्या बाजूला, ते नाही म्हणाला.
मग त्यांचा स्क्रम, त्यांचा चेंडू,
त्यांची ढाल, त्यांचं गाणं.
रेडिओ बंद केला
तर बदकांचा केवढा गलका.

रात्री एकला फोन.
"खाल्लं का त्यांनी?"
"खाल्लं."
"लंगडीने?"
"तिनेही."
नंतर बराच वेळ आम्ही दोघांनी
नुसता फोन धरून ठेवला.

सोमवारी बसगाड्या आल्या.
चौकात टाळ्या झाल्या, हरलेल्यांना वाजवतात तशा,
जरा जास्तच वेळ.
मादाम सेझेरीन शालीत झोपलेली,
तिला कुणी उठवलं नाही.

तो शर्ट बदलून कोठारात आला.
"डावीकडे गेला," मी न विचारताच म्हणाला.
"कुणाच्या डावीकडे?"
"माझ्या."
खोटं बोलताना तो कान खाजवतो,
अगदी लहानपणापासून.
पण तो कान आता सदाच खाजतो,
त्यावरून काही ठरवता येत नाही.

मी झाडू आणून दिला.
त्याने तो घेतला, क्षणभर उभा धरला,
आणि पिसं झाडायला लागला.