गुरुवारचा रकाना

लॉपर्सुमच्या चर्चमागे, सायकलच्या दुकानावर
आमची खोली.
एक टेबल, बारा मग, तेरावा मग पेनांचा.
साहेबांची केबिन नाही.
आराखड्यात होती एक,
तिथे आम्ही ओले रेनकोट वाळत घालतो.

नर्स आम्हीच नेमतो, रजा आम्हीच देतो,
हिशेब सहा महिने रूली बघते, मग तियेर्द,
मग ज्याला बेरीज येत नाही तोही,
कारण नाहीतर ती यायची कधी.
फोन एकच. दर सोमवारी खिसा बदलतो.
ज्याच्या खिशात फोन, त्याची झोप अर्धी.

गावातले विचारतात, तुमच्यात मोठं कोण?
खेशे सांगते, उंचीने तियेर्द.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी
डाइकेमा आजोबांकडे कुणीच गेलं नाही.
सकाळचं इन्सुलिन.
वेळापत्रकात त्यांच्या नावापुढचा रकाना पांढरा.
दुपारी दोनला शेजारणीचा फोन आला.
आजोबा स्वयंपाकघरात बसलेले,
बाही वर करून, उपाशी,
सात वाजल्यापासून.
"वारा फार होता ना," म्हणाले,
"वाटलं, उशीर होत असेल."

साखरेचा आकडा इथे लिहीत नाही.
वाचले ते. आधीच सांगते,
तेवढ्यासाठी श्वास रोखून वाचू नका.

संध्याकाळी टेबलाभोवती बाराजण.
मला जुनं हॉस्पिटल आठवलं.
तिथे अशा वेळी दार उघडायचं,
एक बाई आत यायच्या,
चूक कुणाची ते त्यांना आधीच ठाऊक असायचं.
एकजण रडायचा, बाकीचे सुटायचे.
खरं सांगू?
मला त्या संध्याकाळी त्या बाई हव्या होत्या.
माफी मागायला तरी
समोर एक तोंड लागतं.

नवाल म्हणाली, मी मंगळवारीच पाहिला होता तो रकाना.
वाटलं, फेन्ना भरेल, तिच्याच वाटेवरचं घर.
फेन्ना म्हणजे मी.
मीही पाहिला होता.
वाटलं, कुणीतरी अदलाबदलीसाठी सोडला असेल.
रूलीनेही. तियेर्दनेही.
खेशे, जी कशावरही बोलते,
नुसती चष्मा पुसत राहिली.
मोजलं तर नऊ निघाले.
नऊजणांनी ते भोक पाहिलं होतं
आणि नऊजण त्याच्या कडेकडेने
जपून चालत गेले होते.

बारभाईंचा कारभार, म्हणेल कुणी.
म्हणू दे.

तियेर्द म्हणाला, एक प्रमुख निवडू या.
ते वाक्य टेबलावर पडून राहिलं
कुणाच्या तरी विसरलेल्या हातमोज्यासारखं.
कुणी घातला नाही.
फेकलाही नाही.

साडेनऊपर्यंत भांडलो. पाव संपला, चीज संपलं.
उरलं ते एवढंच:
भोक ज्याला दिसेल
त्याने आधी आपलं नाव लिहायचं.
मग भांडायचं.

शुक्रवारी नवाल आणि मी गेलो.
सगळ्यांनाच जायचं होतं, पण आजोबांकडे खुर्च्या तीन.
बांधावरचा वारा सायकली ढकलत होता, उलटा.
त्यांनी बाही वर केलेलीच होती.
"तुमचे साहेब नाही आले?"
नाहीत आम्हाला, मी म्हटलं.
बराच वेळ विचार केला त्यांनी.
"मग तुम्हाला रागावतं कोण?"
नवाल म्हणाली, आजपासून तुम्ही.

चाळीस वर्षं गोदीवर काम केलेला माणूस,
घसा खाकरून नीट बसला
आणि रागावला.
वाईटच रागावला, मध्येच विसरला,
माझ्या गार बोटांवर घसरला,
मग कॉफी विचारली.

या आठवड्यात फोन माझ्याकडे आहे.
काल रात्री पाहिलं, रविवारी एक रकाना पांढरा.
रविवारी माझ्या मुलीची स्केटिंगची शर्यत.
पेन चालेना, दुसरं घेतलं.
नाव लिहिलं.
मग रूलीला फोन करून भांडले.

तियेर्दचा तो हातमोजा
अजून टेबलावर आहे.
मग ठेवताना आम्ही तो
थोडा बाजूला सरकवतो.